ठिबकणारा नळ

मंडळी, आज थोडा इतिहास सांगणार आहे आणि थोडी स्वतःची चूकही. छत्तीस वर्षे शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. चूक लपवली की ती पुन्हा होते, असे मुलांना नेहमी सांगायचे. आणि मी स्वतः मात्र एक चूक बरीच वर्षे पदराखाली झाकून ठेवली! आता पुरे.

गोष्ट फेब्रुवारी २०२१ मधली. लेक आणि जावई अमेरिकेत टेक्सास राज्यात, डॅलसजवळ राहतात. आमच्याकडे सोमवारची सकाळ म्हणजे त्यांच्याकडे रविवारची रात्र. नेहमीप्रमाणे व्हिडिओवर गप्पा चालल्या होत्या आणि तिच्या मागून सारखा पाण्याचा आवाज येत होता.

"कसलं गं पाणी वाजतंय?"

"वरच्या बाथरूमचा नळ थोडा सोडून ठेवलाय. रात्री फार थंडी पडणार आहे. शेजारच्या आजी म्हणाल्या, नळ ठिबकत ठेवा."

"अख्खी रात्र? अगं पाणी आहे ते! आधी बंद कर."

"आई, इथे सगळे..."

"इथे-तिथे काही नाही. बाबा असते तर काय म्हणाले असते?"

लेक पंचेचाळीस वर्षांची. पण माझ्या त्या आवाजापुढे वर्गातल्या साठ पोरांचे काही चालत नसे, तिथे तिचे काय चालणार? गेली वर आणि नळ घट्ट बंद करून आली. मी समाधानाने चहा टाकला.

माझी बाजूही सांगते. १९७१ साली मी नोकरीला लागले ती तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. पुढच्याच वर्षी ७२ चा दुष्काळ. ज्यांनी तो पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको. विहिरींचे तळ दिसू लागले. गावेच्या गावे खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आम्ही खाल्ल्या, मुलांच्या हातात सुकडी पडायची. घागरीने आणलेले पाणी आधी तोंड धुवायला, मग तेच भांड्यांना आणि शेवटी दारातल्या कढीपत्त्याला. अशा माणसाला ठिबकणारा नळ ऐकवत नाही हो. आजही कुणाकडे गेले आणि नळ गळताना दिसला की हात आपोआप पुढे जातो. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही आमच्या पिढीची नुसती म्हण नाही, ती आमची शिस्त आहे.

पण ही शिस्त मी आठ हजार मैलांवर, ज्या घराची मला माहिती नाही आणि जी थंडी मी कधी अनुभवली नाही, तिथे लागू केली.

त्याच रात्री, म्हणजे त्यांच्या १५ फेब्रुवारीच्या पहाटे दोनच्या सुमारास, टेक्सासची वीजव्यवस्था कोलमडायला आली. थंडीने वीजकेंद्रे, गॅसच्या विहिरी आणि गॅसवाहिन्या गोठत होत्या आणि विजेची मागणी मात्र वाढतच होती. सगळे राज्य एकदम अंधारात जायला ४ मिनिटे ३७ सेकंद उरली होती, असे पुढे जाहीर झाले. ते टाळण्यासाठी वीज तोडावी लागली. सर्वात वाईट वेळी ४५ लाखांहून अधिक घरे आणि दुकाने विजेविना होती. १६ तारखेला डॅलसला पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. या वादळात टेक्सासमध्ये २४६ माणसे गेली, ही सरकारी मोजणी. कित्येक जण स्वतःच्या घरातच गारठून गेले. आमची लेक, जावई आणि नातू तीन दिवस एका खोलीत सगळ्या रजया अंगावर घेऊन बसले होते. फोन मोटारीत चार्ज करून दिवसातून एकदा 'ठीक आहोत' एवढा निरोप यायचा. मी देवापुढे बसून असायचे.

गुरुवारी वीज आली. हीटर सुरू झाला, घर तापू लागले. सगळे म्हणाले, सुटलो! आणि तासा-दोन तासांत वरून धो धो आवाज आला. माळ्यावरचा तांब्याचा पाइप फुटला होता. मेन कॉक कुठे आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. तो निघाला रस्त्याकडेला, जमिनीतल्या पेटीत. पेटीचे झाकण गोठलेले, कॉक फिरवायची किल्ली घरात नाही. शेवटी शेजारच्या आजींकडून किल्ली आणली. तोवर चाळीस मिनिटे गेली आणि अभ्यासिकेचे छत ओल्या पिठासारखे खाली आले.

त्या अभ्यासिकेत एक पेटी होती, तिच्याविषयी पुढे सांगते. आधी पाइप का फुटला ते सांगते, कारण महिनाभर मी तेवढाच अभ्यास करत होते. दुसरे काही सुचतच नव्हते.

पाणी गोठले की ते सुमारे नऊ टक्के फुगते, हे शाळेत सगळेच शिकतो. आमचे विज्ञानाचे सर बाटली फोडून दाखवायचे. युरोपातल्या पंडितांनी हा खेळ साडेतीनशे वर्षांपूर्वीच केला होता. फ्लॉरेन्सच्या विद्वानांनी पाण्याने भरलेली धातूची भांडी बर्फाने फोडली. ख्रिस्तियान हायगेन्सने १६६७ साली बोटभर जाडीची लोखंडी नळी पाण्याने भरून, तोंड बंद करून कडाक्याच्या थंडीत ठेवली, तीही फुटली. १७८४-८५ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या क्वेबेकला एडवर्ड विल्यम्स या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने तोफेचे पोकळ लोखंडी गोळे पाण्याने भरले आणि लोखंडी बूच ठोकून उघड्यावर ठेवले. एका गोळ्याचे बूच चारशे फुटांवर जाऊन पडले! सांगायचा मुद्दा असा, की बर्फाची ताकद माणसाला फार पूर्वीच कळली होती.

पण हे गोळे आणि नळ्या सगळीकडून बंद होत्या. घरातला पाइप तसा नसतो. त्याचे एक टोक रस्त्याखालच्या मोठ्या नळाला उघडे असते. मग फुगलेल्या बर्फाला मागे सरकायला जागा असताना पाइप फुटावा का? याचे उत्तर अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या घरबांधणीच्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात शोधले. त्यांनी माळ्यावर खरोखरीचे पाइप टाकून ते गोठू दिले आणि आतला दाब मोजला. त्यांना दिसले ते असे: पाइपमध्ये एका जागी बर्फाचा बोळा तयार होतो. तो वाढत वाढत नळाच्या तोटीकडे सरकतो. बर्फ आणि बंद तोटी यांच्यामध्ये जे पाणी अडकते त्याला जायला वाट नसते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे तिथला दाब नेहमीच्या कित्येक पट चढतो आणि पाइप फुटतो. पुष्कळदा फुटतो तो बर्फ असलेल्या जागी नाहीच, तर पलीकडे, जिथे अजून पाणीच आहे तिथे. आणि फुटला तरी लगेच कळत नाही, कारण बर्फाच्या बोळ्याने वाट अडवलेली असते. बर्फ वितळला की मग पूर येतो. म्हणून आमच्या लेकीचे छत ऐन थंडीत पडले नाही. वीज आली, ऊब आली आणि तेव्हा पडले.

तोटी थोडी उघडी असेल, तर तो दाब थेंबाथेंबाने बाहेर निघून जातो. एखादे वेळी पाइप गोठतो, पण फुटत नाही. म्हणजे शेजारच्या आजी पाणी वाया घालवायला सांगत नव्हत्या, त्या दाबाला वाट करून द्यायला सांगत होत्या. हे वाचले त्या रात्री मी जेवले नाही.

पण इतिहास एवढ्यावर थांबत नाही. ठिबकणारा नळ सगळीकडे तारकच असतो असेही नाही. इंग्लंडचे उदाहरण घ्या. तिथे एकोणिसाव्या शतकात लोकांना गटारातल्या वायूची फार भीती वाटे. तो घरात येऊ नये म्हणून संडास-मोरीचे सांडपाण्याचे पाइप भिंतीच्या बाहेरून नेण्याची रीत पडली. पिण्याच्या पाण्याची टाकी छपराखाली, गारठलेल्या माळ्यावर. घर उबदार आणि पाइप थंडीत, असा प्रकार! अशा घरात रात्री नळ ठिबकत राहिला तर ते थेंब बाहेरच्या सांडपाण्याच्या पाइपात गोठत जातात आणि सकाळी अख्खा पाइप बर्फाने तुंबलेला. म्हणून तिकडचा जुना सल्ला नेमका उलटा: हिवाळ्याआधी गळके नळ दुरुस्त करा, रात्री बेसिनला बूच लावून झोपा. तोच थेंब एका देशात घर वाचवतो आणि दुसऱ्या देशात तुंबवतो.

१८९५ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये थंडी जमिनीत इतकी खोल उतरली की रस्त्याखालचे नळही गोठले. लोक बादल्या घेऊन रस्त्यातल्या तात्पुरत्या नळांपुढे रांगा लावत होते. लंडनचे पाणी तेव्हा आठ खासगी कंपन्यांच्या हातात होते आणि लोकांचा त्यांच्यावर राग होताच. कारणे इतरही अनेक होती, पण शेवटी १९०२ च्या कायद्याने ते पाणी एका सार्वजनिक मंडळाकडे आले. पुढे १९६२-६३ चा हिवाळा आला. २६ डिसेंबरला बर्फ पडू लागले. मध्य इंग्लंडचे जानेवारीचे सरासरी तापमान उणे २.१ अंश होते. १७४० नंतरचा तो सर्वात थंड हिवाळा. सबंध ब्रिटनमध्ये कुठेही दहिवर गोठले नाही अशी पहिली सकाळ उजाडली ती ६ मार्चला. घरोघरी पाइप फुटले. थंडी सरली की पुन्हा 'एवढी थंडी काय रोज पडते?' म्हणून लोक निवांत.

हा 'रोज काय पडते' हाच या सगळ्या इतिहासातला खरा खलनायक आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडे मिनेसोटात पाण्याचे मोठे नळ सात-आठ फूट खोल पुरतात, कारण तिथे थंडी दरवर्षी येते. टेक्सासमध्ये घराखाली तळघर नाही, जमिनीवर सिमेंटचा चौथरा घालून त्यावर घर. मग पाइप पुष्कळदा माळ्यावरून नेतात. उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून ऊब अडवणारा कापसासारखा थर माळ्याच्या जमिनीवर अंथरतात आणि पाइप त्या थराच्या वर, उघड्या थंडीत. उन्हाळ्याचा विचार करून बांधलेले घर हिवाळ्यात उघडे पडले. इशारे मिळाले नव्हते असेही नाही. डिसेंबर १९८९ मध्ये आणि फेब्रुवारी २०११ मध्ये टेक्सासची वीज थंडीने गेली होती. २०११ नंतर केंद्रीय नियामकांनी वीजकेंद्रे थंडीसाठी सज्ज करा असे लेखी सांगितले होते. तशी सक्ती करणारा राज्याचा कायदा झाला तो २०२१ सालच्या आपत्तीनंतर.

आपल्या देशातही हे नवे नाही. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान' म्हणजे कडाक्याची थंडी. त्याच वर्षी १४ जानेवारीला श्रीनगरला उणे ८.४ अंश होते. तिथेही नळ गोठतात, पाइपांना गोणपाट गुंडाळतात. नळाला लोंबणाऱ्या बर्फाच्या दांड्यांचा फोटो मी पेपरात पाहिला होता आणि कौतुक करून पान उलटले होते. महिन्याभरात तेच माझ्या लेकीच्या घरी येणार, हे मनातही आले नाही.

आता एक गोष्ट माझ्या बाजूने. टेक्सासमध्ये लाखो नळ ठिबकू लागले, त्यात पाइप फुटून पाणी वाहू लागले, पंपांची वीज गेली आणि शहरांच्या नळांतला दाब पडला. ह्यूस्टनच्या महापौरांनी तर लोकांना विनंती केली की नळ सोडून ठेवू नका, रुग्णालयांना आणि आग विझवायला पाणी हवे आहे. पाणी उकळून प्या असे एक कोटी चाळीस लाखांहून अधिक लोकांना सांगावे लागले. म्हणजे पाणी जपा हे म्हणणे अगदीच वेडेपणाचे नव्हते! पण नळ बंद करायचा असेल तर अर्धवट बंद करून चालत नाही. मेन कॉक बंद करायचा आणि मग घरातले सगळे नळ उघडून पाइप रिकामे करायचे. रिकाम्या पाइपात गोठायला काही नसते. थंड प्रदेशात उन्हाळ्यापुरती वापरायची घरे हिवाळ्याआधी अशीच रिकामी करून ठेवतात. मी मात्र तोटी बंद करायला लावली आणि पाइप भरलेला ठेवला. दोन्हीकडून चूक.

परदेशी मुले असलेल्या आई-वडिलांना म्हणून एवढेच सांगते. मुलांना एकच प्रश्न विचारा, "तुमच्या घराचा मेन कॉक कुठे आहे? त्याची किल्ली आहे का?" पारा उणे सातच्या आसपास जाणार असेल तर माळ्यावरच्या किंवा बाहेरच्या भिंतीतल्या उघड्या पाइपांना धोका, असे त्याच इलिनॉयच्या अभ्यासात आढळले. तेव्हा पाइपांना आधीच वेष्टण घालावे. बागेची नळी नळापासून काढून ठेवावी. सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत म्हणजे घराची ऊब आत जाते. गरम आणि गार दोन्ही पाण्याची तोटी बारीक सोडावी, आणि गावाने पाणी सोडू नका म्हटले असेल तर मेन कॉक बंद करून पाइप रिकामे करावेत. गोठलेला पाइप केस वाळवायच्या यंत्राने हळूहळू उबवावा, ज्योत लावू नये. आणि तो फुटला असेल या हिशेबाने आधी मेन कॉक बंद करावा, मग उबवावा. बाकी शेजारच्या आजी सांगतील ते ऐकावे. हजारो मैलांवरच्या आईचे नव्हे.

आता पेटी. ह्यांच्या रोजनिशा होत्या तिच्यात. हे गेले २०१८ साली. 'आई, मला बाबांच्या वह्या दे' म्हणून लेक पुढच्या वर्षी घेऊन गेली होती. ३१ वह्या. रोजचा बाजारहाट, शाळेतल्या गमती, पाऊस कधी आला, लेकीला पहिला दात कधी आला, सगळे. पेटीत पाणी गेले. लेकीने फोनवर सांगितले तेव्हा ती रडत नव्हती, माझीच समजूत घालत होती.

तिने शहाणपणा एक केला. कुठल्याशा ग्रंथपालाला विचारून ओल्या वह्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तशाच डीप फ्रीझरमध्ये ठेवल्या. ओला कागद दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, गोठवला तर थांबून राहतो. अमेरिकेत कॉर्निंग या गावच्या काचेच्या संग्रहालयात जून १९७२ मध्ये पूर आला, तेव्हा त्यांनीही भिजलेली पुस्तके अशीच गोठवून वाचवली होती. आम्ही घागरी मोजत होतो तेव्हा तिकडे पुस्तके पुरात होती. आणि ज्या थंडीने वह्या भिजवल्या तिनेच त्या राखल्या. पुढे एकेक वही काढून, पानांत टीपकागद घालून लेकीने आणि नातवाने ती वाळवली. सहा महिने लागले. शाईच्या पेनाने लिहिलेली पाने निळी झाली, अक्षर गेले. बॉलपेनने लिहिलेली राहिली. हे १९८० च्या सुमाराला बॉलपेन वापरू लागले. म्हणजे आमच्या लग्नानंतरची पहिली वर्षे गेली आणि पुढची राहिली. ७२ सालची वहीही गेलेल्यांतच.

मी लेकीची माफी मागितली. ती म्हणाली, "आई, तो पाइप कदाचित तसाही फुटला असता." कदाचित. पण 'कदाचित' हा शब्द इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत मी कधी चालवून घेतला नाही.

यंदाच्या थंडीत भाच्याकडे निफाडला गेले होते. पहाटे जाग आली तर द्राक्षबागेत शेकोट्या पेटलेल्या आणि ठिबकच्या नळ्यांतून विहिरीचे पाणी सुरू. विहिरीचे पाणी हवेपेक्षा कोमट असते, त्याने बागेतला गारठा थोडा मोडतो आणि मणी तडकत नाहीत. ऐन थंडीत, अंधारात, पाणी ठिबकत ठेवतात! हे मी आयुष्यभर पाहत आले आणि कधी एका शब्दाने 'बंद करा' म्हटले नाही. कारण तिथे मला ठाऊक होते की हे पाणी कशासाठी आहे.

लेकीकडे मी ते विचारले नव्हते. 'का गं?' एवढे दोनच शब्द. असो.

परवा तिचा फोन आला, तिकडे पुन्हा थंडीचा इशारा होता. मागून पाण्याचा आवाज येत होता. मी म्हटले, "गरम पाण्याचीही तोटी सोडलीस ना?"